नामाकाकांचा पेंढा

आमच्या कोन गावच्या नामाकाकांना स्वतःच्या केसांतून कंगवा फिरवताना मी कधी पाहिलं नाही. पेंढा मात्र ते विंचरतात. भाताची झोडणी झाली की एकेक पेंढी मांडीवर घ्यायची, बोटांनी चुरा झाडायचा, बुडखे जमिनीवर आपटून सारखे करायचे, मगच ती गोठ्यावरच्या माळ्यावर जाते. रचल्यावर एखादी जरी पुढे आलेली दिसली, तर काका खालूनच दम भरतात, "ए, मागं सर! रस्त्यानं लोकं जातात!"

त्यांचा गोठा आमच्या बिल्डिंगसमोरच. नवीन राहायला आले तेव्हा दुधाची बरणी मी सहज एका पेंढीवर ठेवली. काका म्हणाले, "बाय, ते म्हशीचं ताट हाय. तुज्या ताटात मी चप्पल ठेवतो काय?"

शेण काढताना, पाणी दाखवताना, धार काढताना त्यांचं सुमनकाकींशी भांडण चालूच. काकी खालून पेंढ्या द्यायच्या. एखादी सैल बांधलीय म्हणून काका ती परत खाली टाकायचे. काकी ओरडायच्या, "येवडं निरखून कदी माज्याकडं बगितलं नाय!"

यंदा ऐन कापणीच्या तोंडावर काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लेक त्यांना खारघरला घेऊन गेली. म्हशींना सोडून काका कुठे जाणार? ते एकटेच राबत राहिले. देणारं कोणी नाही, म्हणून प्रत्येक भाऱ्याला शिडीवरून खाली-वर. गोठ्यातून आवाज येईना, म्हणून मी विचारलं.

"शांत हाय," काका म्हणाले. "लय बरं वाटतंय."

पेंढा भरून झाला त्या दिवशी ते पहिल्यांदाच आमच्या दारात आले. "बाय, तुज्या फोनवर माणूस दिसतो ना? काकीला माळा दाखवू."

मी लेकीच्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला. काकींनी माळा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. "बरा रचलाय हो. ठेवते, गोळी घ्यायची हाय."

स्क्रीन काळी झाली तरी काका फोन धरूनच उभे.

"झालं?"

"झालं, काका."

"गोळी घेऊन परत करंल काय?"

काकींचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुधाला जरा लवकर गेले, तर काका शिडीवर. रांगेतल्या पेंढ्या उपसत होते. एक आडवी केली, एक उलटी खोचली, दोन-तीन अर्ध्या बाहेर लोंबत ठेवल्या.

"काका, हे काय? छान रचला होता की!"

ते खाली उतरले. धोतराला हात पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "छान हाय म्हणूनच ठेवला ना तिनं फोन. लाव परत."

मी लावला. क्षणात काकींचा आवाज गोठाभर झाला. "अवो, डोळं हायत का नाय? मदली उलटी कोणी घातली? मी नाय तर पार उकिरडा केला माळ्याचा!"

काका उपड्या बादलीवर नीट बसले. फोन दोन्ही हातांत धरला आणि अगदी गरीब आवाजात म्हणाले, "कुटली मदली? मला नाय दिसत. सावकाश सांग."