तुकड्याला एक टाळी

भांडारप्रमुख मामी चहाच्या सुट्टीत एकट्याच टाळ्या वाजवू लागल्या, तेव्हा कार्यालयात कुजबुज सुरू झाली. लेक परदेशी, नात फ्रेंचशिवाय बोलेना. म्हणून मामींनी पन्नाशी उलटल्यावर फ्रेंचचा वर्ग लावला होता. वर्गातल्या बाईंचा नियम एकच: शब्दाचे तुकडे पाडा आणि दर तुकड्याला एक टाळी द्या.

"सहा अक्षरं लिहायची आणि म्हणायचं काय, तर वा-झो!" मामी टायपिस्टला सांगत होत्या. "वाझो म्हणजे पक्षी. निम्मी अक्षरं उडूनच गेली की गं!"

शनिवारी तोंडी परीक्षा होती आणि पुढच्या महिन्यात नात येणार होती. मामींनी कंबर कसली होती. जिन्यात, लिफ्टमध्ये, गोदामात, जिथे तिथे त्यांचे तुकडे चालू.

तसे ते साहेबांच्या सभेतही चालू होते. फुलपाखराचा फ्रेंच शब्द काही केल्या जिभेवर बसेना. साहेब घसा खाकरून म्हणाले, "यापुढे शनिवारीही कार्यालय चालू राहील," आणि नेमका तेव्हाच शब्द बसला. पा-पि-यों! मामींनी तीन कडकडीत टाळ्या दिल्या.

मामींसारखी खमकी बाई टाळ्या वाजवते म्हणजे यात आपला फायदाच असणार, असं वाटून सगळ्या सभागृहाने टाळ्यांचा पाऊस पाडला. विरोधाच्या धास्तीने आलेले साहेब गहिवरले.

"एवढा उत्साह? मग याच शनिवारपासून सुरू करू!"

सभा संपताच सगळे मामींवर तुटून पडले.

"अहो मामी, तुम्हाला काय झालं होतं?"

"फुलपाखरू," मामी म्हणाल्या आणि तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या. त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला.

"म्हणजे त्या टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या?"

"नव्हत्या. शनिवारी माझी परीक्षा आहे, मी येणार नाही."

"आता निर्णय फिरवला तर माझी काय पत राहील?"

मामींनी पदर खोचला आणि तीन टाळ्या दिल्या. "दे-मी-स्यों."

"हे काय आता?"

"राजीनामा."

साहेब हळूच म्हणाले, "आणि सुट्टीला काय म्हणतात?"

"कों-जे."

"बरं. सगळ्यांनाच दिली, दर शनिवारी." साहेबांनी उठून तीन टाळ्या वाजवल्या. "कों-जे!"

"एक जास्त झाली, साहेब."

"असू दे," साहेब म्हणाले. "ती माझ्या भाषणाची."