धुण्यापूर्वीचा फोटो

दमट हवेत दगडावर शेवाळ चढतं, हा मेलेल्या माणसांचा गुन्हा आहे असं दफनभूमीच्या कार्यालयाने ठरवलं. ज्या थडग्यावरचं नाव वाचता येत नाही ते बेवारस, ते उखडून जागा दुसऱ्याला द्यायची, असं परिपत्रक निघालं. भिंतीपलीकडे समुद्र आहे, हे पाहायला परिपत्रक काढणाऱ्या साहेबाने खिडकी उघडण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

मास्तरीणबाईंनी परिपत्रक वाचलं आणि त्याच दिवशी पाथरवटाला गाठलं. नवऱ्याच्या दगडावर बोटभर शेवाळ होतं. पाथरवटाने ते लाकडी पट्टीने खरवडलं आणि साध्या पाण्याने, मऊ ब्रशने तीन दिवस एकेक अक्षर धुतलं. दगड असा निघाला की शेजारची थडगी ओशाळली.

कार्यालयात कारकुनाने मास्तरीणबाईंनी पुरावा म्हणून नेलेला फोटो पाहिला. "हा धुतल्यानंतरचा. धुण्यापूर्वीचा कुठाय?"

"तेव्हा कुणी मागितला नव्हता."

"परिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर आहे की."

"दुसरं पान मिळालंच नाही."

"ते काल छापलं. पूर्वीचा फोटो नसेल तर साफसफाई झाली असं धरता येत नाही, बाई."

पाथरवटाने सोपा मार्ग काढला. "शेजारच्या दगडाचा काढू. शेवाळ काय, सगळीकडे सारखंच."

"दुसरीचा नवरा माझा म्हणून दाखवू? या वयात?"

मग शेवाळ उगवणं आलं. या हवेत चपलांवर, कपाटातल्या पट्ट्यावर, कारकुनाच्या फायलींवरही न सांगता बुरशी धरते. या दगडावर मात्र काही येईना. काम फारच चोख झालं होतं. शेवाळ लवकर धरावं म्हणून पाथरवटाने दगडाला दही फासलं. ते मांजराने चाटून लख्ख केलं. पुन्हा फासलं, वर ओलं गोणपाट बांधलं. मास्तरीणबाई रोज सकाळी येऊन त्यावर पाणी मारू लागल्या.

"जन्मभर यांना म्हणत आले, जरा स्वच्छ राहा."

"आत्ता कुठे ऐकतायत," पाथरवट म्हणाला.

पाचव्या आठवड्यात दगड हिरवागार झाला. फोटो निघाला. पाथरवट धुण्यासाठी बादली भरायला नळावर गेला, तेवढ्यात कार्यालयाचा निरीक्षक आला. त्याने दगड पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं आणि मास्तरीणबाई बोलायच्या आत पुढच्या रांगेत गेलाही.

चौथ्या दिवशी टपालाने नोटीस आली. नाव वाचता येत नाही, वारस आढळत नाही, सबब थडगं हटवण्यात येईल. तोवर दगडाला हात लावू नये.

मास्तरीणबाईंनी ती कारकुनाच्या टेबलावर ठेवली आणि ओळीखाली बोट धरलं.

"हे माझ्या नवऱ्याचं नाव. हे त्यांच्या वडिलांचं. खाली 'पत्नी' म्हणून माझं. पत्त्यात आमचा मजलासुद्धा बरोबर."

कारकुनाने नोटीस उलटी करून पाहिली. मागे काही छापलेलं नव्हतं.

"बसा ना, बाई."

"बसत नाही. ज्याचं नाव वाचता येत नाही, ज्याला वारस नाही, त्याच्या बायकोला तुम्ही नावानिशी पत्र कसं पाठवलंत? मी उभी आहे. सांगा."