लाभाचं पोतं

निवृत्तीकाकांनी मोजणीला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

गोदामाच्या दारात साखरेचा ट्रक उभा होता. सहा हमाल खांद्यावर फडकी टाकून ओळीने थांबले होते. धामणगाव बढ्याच्या शालिग्राम शेठच्या गोदामात माल उतरवताना पहिल्या पोत्याला कोणी 'एक' म्हणत नाही. देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यात ज्वारीचं एक पोतं बसवलेलं असतं. त्यावर हात ठेवून 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. मोजणीचं काम बघणारे गोदामाचे जुने मुकादम काका हात ठेवायला वाकले आणि हात थेट थंडगार फरशीला लागला.

"साहेब," ते हळूहळू वळले, "लाभाचं पोतं कुठी हाये?"

साहेब म्हणजे ऋत्विक. बुलढाण्याचाच, पण चार वर्षं भिवंडीच्या मोठ्या गोदामात काढून नोकरी सोडून आलेला. खिशात नवं कार्ड : 'पुरवठा साखळी व वितरण केंद्र सल्लागार'. दोन व्यापाऱ्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. शालिग्राम शेठनेच तेवढी दहा दिवसांची परीक्षा कबूल केली होती. दहा दिवसांत ऋत्विकने फरशीवर पिवळे पट्टे मारले, भिंतीवर नियम लावले आणि मालाला चिठ्ठ्या चिकटवल्या. भराभर खपणाऱ्याला हिरवी, रेंगाळणाऱ्याला पिवळी, न हलणाऱ्याला लाल.

"ते होय!" ऋत्विक हसला. "काका, संगणकात बघा. ज्वारी, एक पोतं, बावीस वर्षांत एकदाही विक्री नाही. मेलेला माल! लाल चिठ्ठी लावली आणि सकाळच्या गाडीने अर्ध्या भावात काढून टाकला."

पोत्याचं तोंड उघडून त्याने पाहिलं नव्हतं. संगणकाने पाहिलं होतं, तेवढं त्याला पुरेसं होतं.

हमालांनी एकेक करून खांद्यावरची फडकी खाली घेतली. एक जण मटकन उकिडवा बसला.

"मी दोन दिवस वैष्णवीकडे लोणारले काय गेलो, पोरीच्या घरचा पाहुणचार महागात पडला," काका म्हणाले. "साहेब, आज गोदामाचा वाढदिवस. बावीस वर्षांमांगं थोरल्या शेठनं ते पोतं सोताच्या पाठीवर आणून ठुलं. चार वाजता माय येते, हळदकुंकू लावाले."

ऋत्विकच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. चार वाजता अन्नपूर्णाबाई, शेठची आई, पूजेला येणार हे त्याला ठाऊक होतं. 'मायच्या हातचा नारळ फुटला का तुमच्या वर्षाच्या करारावर सही,' असं शेठ म्हणाले होते. पण पूजा नव्या रॅकची असेल असं समजून त्याने रॅकला झेंडूची माळसुद्धा सांगून ठेवली होती.

"दुसरं पोतं ठेवू," तो घाईने म्हणाला.

"तिनं सोताच्या हातानं शिवलं हाये ते, लाल दोऱ्यानं. आंधारात बी वळखते. अन् लाभाबिगर हे पोट्टे साखर उतरवनार नाहीत."

सव्वाबारा वाजले होते. ऋत्विकने टेम्पोवाल्या रवीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"गाडी चालवताना फोन बंद," काकांनी भिंतीवरचा नियम बोट ठेवून वाचला. "खाली तुमचीच सही हाये."

पावती मात्र क्षणात सापडली. प्रणाली चोख होती : लाल माल, पुंजाजी किराणा, पिंपळगाव राजा. गेलेला माल कुठे गेला हे ती अचूक सांगत होती. तो परत कसा आणायचा याबद्दल ती मुकी होती.

"साहेब, मी काय म्हंतो, ते बारदान तेवढं..."

"काका, बोलायला वेळ नाही! बसा गाडीवर!"

मोटारसायकल धुरळा उडवत निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर फुलली होती; वारा आला की शेतच्या शेत हळदीच्या अंगाने डोलायचं, मधूनच एखादा बगळा पांढऱ्या चिंधीसारखा उडायचा. काका ते बघत बसले होते. ऋत्विकला घड्याळाखेरीज काही दिसत नव्हतं. खिशात फोन थरथरला. बायकोचा, छायाचा निरोप : 'सही झाली का? पेढे सांगू?'

पुंजाजी दुकानात ऐटीत बसले होते. ऋत्विकने धापा टाकत सगळं सांगितलं.

"परत माल हाये म्हना ना," पुंजाजींनी गल्ल्याखालून कागद काढला. "मंग फारम भरा. तीन प्रती. तुमीच देऊन गेले मांगच्या सोमवारी."

"अहो, फॉर्म मीच बनवलाय. मी सांगतो ना, राहू द्या."

"नियम म्हंजे नियम, साहेब. तुमीच टेबलावर हात आपटून म्हनले होते."

ऋत्विकने फॉर्म भरला. तीन प्रती. परत करण्याचं कारण या रकान्यापाशी तो थबकला, मग 'घाई' असं लिहून टाकलं. मालकाच्या सहीच्या जागी 'करिता' म्हणून स्वतःची सही ठोकली. पुंजाजींनी कागद उजेडात धरून तपासले, शिक्का मारला, घडी घातली.

"झ्याक. आता माल नाही."

"म्हणजे?"

"विकला ना. जुना माल पुढं, नवा मांगं, हे तुमीच शिकोलं. पुढं ठुलं अन् अर्ध्या तासात गेलं."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुमी फारमाचं ईचारलं होतं का मालाचं?" पुंजाजी शांतपणे म्हणाले. "म्या तं कोंबड्यांसाठी घेतलं होतं, खोटं काऊन बोलू. पण तोंड उसवलं अन् काय सांगू! दाणा मोत्यावाणी. आत कडुलिंबाचा पाला. जनकाबाईची भाकरीची खानावळ हाये, तिनं पाह्यलं अन् तिथूनच उचललं. चक्कीवर गेली."

"पुंजाजी, बारदान कोनापाशी..." काकांनी विचारायला घेतलं, पण ऋत्विकने किक मारली होती.

चक्कीचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होता. आत पांढरं धुकं होतं आणि त्या धुक्यात मांडी घालून एक भक्कम बाई बसली होती. चक्कीच्या डोक्यावरच्या डब्यातली ज्वारी खाली उतरत होती, नळीतून कोमट पीठ डब्यात पडत होतं.

"बंद करा! बंद करा!" ऋत्विक ओरडत धावला. चक्कीवाल्याला वाटलं कोणाला शॉक बसला. त्याने खटका ओढला. एकदम शांतता झाली.

"कोण बे तू?" जनकाबाई म्हणाली.

"मावशी, ती ज्वारी परत पाहिजे. ती बावीस वर्षांची आहे!"

जनकाबाईने ओंजळभर दाणे उचलून बघितले. "बावीस वर्षांची अन् अशी? मंग माह्या सुनेले बी ठेव बाप्पा त्याच गोदामात. दोन वर्षांतच जुनी झाल्यावानी करते."

"मावशी, हात जोडतो. माह्या पोटावर पाय येऊन राह्यला ना!" भिवंडीत चार वर्षं घासून शुद्ध केलेली भाषा एका क्षणात गळून पडली.

तेव्हा कुठे जनकाबाई जरा विरघळली. "अन् उद्या सकाळी माह्याकडे पन्नास मजूर जेवाले येतीन, त्याईले काय घालू? तुह्या चिठ्ठ्या?"

"उद्या सहा वाजता नवं पोतं आणून टाकतो. मी सोता."

"नाही आलं तं भाकरी थापाले तुलेच बसवीन. ध्यानात ठेव."

ऋत्विकने उरलेली ज्वारी पिशवीत भरली. दळून झालेलं पीठही गाठोड्यात बांधून घेतलं. पोत्यात खाली पीठ, वर ज्वारी, वरून चापून बसवलं की कोणाला कळणार, असा त्याचा हिशेब होता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, एका तासात तीस वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा तो बाहेर आला.

निवृत्तीकाका चक्कीच्या दाराशी ओणवे झाले होते. पाय पुसायला टाकलेलं बारदान त्यांनी उचललं, दोनदा झटकलं, लाल टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि शालीसारखी घडी घालून काखेत धरलं.

"झालं साहेब. चला."

"काय झालं! अर्धी ज्वारी पिठात गेली, काका!"

"मी काय म्हंतो..."

"नका म्हणू!"

ते पोचले तेव्हा चारला पाच कमी होते आणि शेठची जीप दारात लागलेली होती. साखरेचा ट्रक जागचा हलला नव्हता. हमाल शाळेत उभं केल्यासारखे भिंतीला टेकले होते. रिकाम्या कोपऱ्यापुढे स्टुलावर अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या, मांडीवर हळदकुंकवाचं ताट. बाजूला शालिग्राम शेठ, हातात कराराचा कागद.

ऋत्विकने वाटेत तीन थापा रचल्या होत्या. म्हातारीचे निवळशंख डोळे बघितल्यावर तिन्ही घशातच विरल्या.

"माय," तो पिठाचं गाठोडं छातीशी धरून म्हणाला, "चूक झाली. तुमचं लाभाचं पोतं मी मेलेला माल समजून विकलं."



अन्नपूर्णाबाईंनी हात पुढे केला. काकांनी काखेतलं बारदान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटून पाहिलं, नाकाशी नेलं.

"रिकामं करून आनलं? चांगलं झालं. झटकलं बी हाये." मग जीपकडे मान वळवून म्हणाल्या, "शालिग्राम, औंदाची ज्वारी उतरव."

जीपमधून ज्वारी उतरली. टपोरी, ताज्या खळ्याचा वास असलेली. ऋत्विक बघतच राहिला.

"माय दरसाली आजच्या दिवशी बदलते ना," शेठ म्हणाले. "बारदान बाबाचं, ज्वारी नवी. जुनी कोनाच्या तरी चुलीवर जाते. इकाची नसते, म्हून बदलल्याचं संगणकात दिसत नाही. अख्ख्या गोदामात टायमावर बदलनारा हाच एक माल हाये, अन् तुमी त्यालेच लाल चिठ्ठी लावली का?"

ऋत्विकने मान खाली घातली. मानेवरून पीठ गळलं.

"कोनाकडे गेली जुनी?" म्हातारीने विचारलं.

"पिंपळगाव राजाच्या जनकाबाईकडे. भाकरीची खानावळ आहे तिची."

"दहाजनाच्या तोंडी घास घालनारी बाई. चांगल्या घरी गेली." त्यांनी दाभणात लाल दोरा ओवला, नवी ज्वारी भरलेल्या पोत्याचं तोंड जुळवलं आणि टाका घालता घालता हलकेच सूर लावला :

"लाभाच्या पोत्याला बाई, लाल दोऱ्याचा टाका,
आल्या-गेल्या भुकेल्याला, नाही म्हणू नका."

शेवटचा टाका त्यांनी ऋत्विककडून घालून घेतला. तो तिरका गेला. त्यांनी तो तसाच राहू दिला. नारळ फुटला. काकांनी पोत्यावर हात ठेवून 'लाभ' म्हटलं आणि सहा हमाल एकदम हलले. शालिग्राम शेठने पेनाचं टोपण काढलं.

"थांब," म्हातारी म्हणाली. तिची नजर गाठोड्यावर गेली होती. "अन् हे पीठ कोनाचं?"

"तिचंच," ऋत्विक पुटपुटला. "मी परत आणलं."

"दिल्या घरचं अन्न माघारी आनलं? अन् पैसे बी घेतले तिच्यापासून?"

"पुंजाजींनी तिच्याकडून घेतले, मी पुंजाजींकडून. अर्ध्या भावाने."

"मंग पैसे, पीठ, ज्वारी, सारं आत्ता तिच्या हातात देऊन ये. सही कुठी पळून नाही जात."

शेठने पेनाचं टोपण पुन्हा लावलं. ऋत्विकने मुकाट्याने गाठोडं उचललं आणि मोटारसायकलकडे वळला. काका आधीच मागच्या सीटवर बसलेले होते. खिशात छायाचा तिसरा निरोप थरथरत होता.

किक मारण्याआधी ऋत्विक थांबला. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्याने मागे वळून विचारलं, "काका, दुपारपासून तुम्ही काहीतरी सांगत होता. काय ते?"

"हेच, का बारदान तेवढं आनू, ज्वारी राहू दे तिच्यापाशी." काकांनी मिशीवरचं पीठ पुसलं. "पन आता जाऊच राह्यलो तं एक ईचारू?"

"विचारा ना. वेळच वेळ आहे."

"हे आपुन परत माल परत नेऊन राह्यलो. त्याचा फारम कोनता?"