नथ्थुजींचं पाणी कुठे मुरतं

आमच्या शेजारचे नथ्थुजी रोज सकाळी विटांवर ठेवलेल्या एका लाकडी खोक्याच्या खाली डोकं घालून, सारवलेल्या भुईला गाल लावून पालथे पडलेले असत. दार सताड उघडं. जाणाऱ्या-येणाऱ्याला फक्त त्यांच्या पोटऱ्या दिसत. नवा माणूस हमखास घाबरायचा. नव्या दूधवाल्यानं तर माझं दार ठोठावून सांगितलं, "मास्तर, बाजूचं बुढं गेलं वाटते." मी म्हटलं, "गेलं नाही बाबा, टाकी पाहून राह्यलं. तू दूध घाल."

थोड्या वेळानं नथ्थुजी खोक्याखालून निघत, गालाला चिकटलेलं सारवण पुसत आणि कोणी ऐको न ऐको, म्हणत, "पानी कुठं तरी मुरून राह्यलं."

हे वाक्य आपण एरवी कधी म्हणतो? समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असा संशय आला, की म्हणतो. नथ्थुजी मात्र अगदी शब्दशः म्हणत. निदान मला बरेच दिवस तसंच वाटत होतं.

"अहो, पण हातानं चाचपून पाहा ना," मी एकदा वैतागून म्हटलं. "लोळता कशाला?"

"हात बिब्यानं मेले जी. गालाले बरोबर समजते."

बिब्याचं पुढे सांगतो. आधी माणूस सांगतो.

नथ्थुजी यवतमाळातल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, हजेरीबाबू होते. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. कापसाच्या पऱ्हाटीसारखे वाळके, उंच, भुवयांत आणि कानांत बारा महिने कापूस. बोलणं कमी. कोणी आनंदाची बातमी सांगितली तर "पाहू" म्हणत, आणि कोणी वाईट सांगितली तरी "पाहू"च म्हणत. बायको लवकर गेली. पोरगी एकच, सुमी. तिची वेणी घालण्यापासून तिला कुंकवाची कोयरी काढून देण्यापर्यंत सगळं या माणसानं केलं. वेणी वाकडी यायची, सुमी तशीच शाळेत यायची, आणि वर्गात कोणी हसलं तर ती त्याला चिमटे काढायची. मीच तिचा मास्तर, म्हणून सांगतो.

ती लहान असताना नथ्थुजी तिला नागपूरला एका डॉक्टराकडे घेऊन गेले होते. तिथे काचेच्या पेटीत लाल मासोळ्या. पोरगी पेटीला नाक लावून बसली ती उठेचना. "बाबा, आपल्या घरी ठेवू," म्हणाली. नथ्थुजी म्हणाले, "ठेवू." ते 'ठेवू' पुढे कित्येक वर्षं तसंच राहिलं. मग सुमीचं लग्न झालं. महागावकडे दिली. पाठवणीच्या वेळी सगळ्या बाया रडत होत्या, सुमीच्या डोळ्यांत टिपूस नाही. मोटारीच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून म्हणाली, "बाबा, मासोया ठेवू म्हणे, ठेवल्याच नाही."

नथ्थुजी अख्ख्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "पहिल्या बाळंतपनाले येशीन ना, तवा टाकी भरून ठेवतो."

झालं. माणूस शब्दाला बांधला गेला.

किराणा दुकानातून चहाचं रिकामं खोकं आलं. त्याच्या फळीला शिकलेले लोक प्लायवुड म्हणतात. तीन बाजू फळीच्या, पुढे जुन्या कपाटाची काच. पहिल्या दिवशी पाणी भरलं तर ते चारी कोपऱ्यांतून निघालं, आणि निघालं ते तांबूस. माझी बायको कमल म्हणाली, "काकाजी, आता दूध-साखर तेवढी टाका." नथ्थुजी हसले नाहीत. गालाला हात लावून बसले.

मग प्रयोग सुरू झाले. जुन्या भिंतींसारखा चुना, गूळ आणि उडदाचं पीठ कालवून सांध्यांत भरलं. पाणी दोन दिवस थांबलं, पण गुळाला मुंग्या लागल्या, आणि त्या रांगेनं भिंतीवरून आमच्या डब्यांपर्यंत आल्या. मग मेण ओतलं. ते हिवाळ्यात छान बसलं आणि वैशाखात पातळ होऊन जमिनीवर आलं. यवतमाळचं ऊन मेणाला कसं सोसावं, आम्हाला सोसत नाही.

मग बिबा. धोब्याची बिब्याची खूण कापडावरून जन्मात जात नाही, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. नथ्थुजींनी तर्क केला की जे धुण्यानं जात नाही त्यातून पाणी काय जाईल. शेरभर बिबे फोडून त्यांचं तेल काढलं आणि खोक्याला आतून-बाहेरून फासलं. तर्क चुकीचा नव्हता. फक्त बिबा अंगावर उततो, हे तो माणूस टाकीच्या नादात विसरला. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात कोपरापर्यंत फुगले, डोळे सुजून बंद झाले. मी त्यांना उचलायला गेलो तर मी फुगलो. मला खोबरेल लावायला कमल आली, ती फुगली. शाळेत मुलांनी मला ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर जे हसली ते मी अजून विसरलेलो नाही. नथ्थुजी पट्ट्या बांधलेले हात वर करून म्हणाले, "पन पानी कमी गयते, मास्तर."

"गळते म्हणा," मी सुजल्या तोंडानं म्हटलं.

"हाव, गयते."

मी सोडून दिलं.

शेवटी जवसाचं तेल उकळून त्यात राळ घातली, जिनातल्या कापसाच्या वाती त्यात भिजवून सांध्यांत ठोकल्या आणि वरून थरावर थर दिले. महिनाभर घरात तोच वास. टाकी काळी चकचकीत झाली. मला वाटलं, सुटलो.

याच सुमाराला सुमीला दिवस गेल्याचं कळलं आणि सातव्या महिन्यात नथ्थुजींचे व्याही महागावहून आले. मला नथ्थुजींनी मुद्दाम बसायला बोलावलं. व्याही चहा प्यायले. घर पाहिलं. टाकी पाहिली. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "नथ्थुजी, राग मानू नका. घरात बाईमानूस नाही. पोरीले कोनाच्या भरवशावर धाडू?"

कमल दारातूनच बोलली, "मी हाय ना जी. भिंतीले भिंत हाय. सारं मी करतो."

"बाई, तुम्ही शेजारीन. शेजारीन मायच्या जागी कशी येईन?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस भांडेल, निदान हात जोडेल. त्यांनी टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाकी पानी धरू द्या. मंग पाहू."

व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वेड्याच्या भावाकडे पाहतात. जाताना म्हणाले, "मास्तर, लक्ष ठेवा जी यायच्यावर." मला इतका संताप आला नथ्थुजींचा, की मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

सुमीला तिकडेच मुलगी झाली. नथ्थुजी बारशाला गेले, झबलं-टोपडं देऊन संध्याकाळच्या मोटारीनं परत आले. "कशी आहे हो नात?" मी विचारलं. "सुमीसारखी," म्हणाले आणि खोक्याखाली शिरले.

पहिलं बाळंतपण गेलं ते गेलं. दिवाळीला यायचं, तर दिवाळसण करायला घरात बाई नाही. कमलनं पुन्हा निरोप धाडला, तोही तसाच परत आला. आमच्या बिऱ्हाडांतलं कोणी ना कोणी रोज विचारायचंच, "काहो नथ्थुजी, सुमी कवा येते?" आणि नथ्थुजींचं ठरलेलं उत्तर, "टाकी पानी धरत नाही ना. धरलं का येते."

आणि टाकी खरंच पाणी धरेना. संध्याकाळी काठोकाठ भरलेली, सकाळी कोरडी. भुईवर ओल दिसायची नाही. "मुरते," नथ्थुजी म्हणत. "मातीची भुई हाय, पेऊन घेते."

उन्हाळा आला तसं हे प्रकरण चिघळलं. सगळ्या बिऱ्हाडांच्या अंगणातल्या सामाईक विहिरीनं तळ गाठला. घरमालकानं पाळ्या लावल्या. बादली अर्धी चिखलाची यायची. नथ्थुजी आपल्या पाळीचं पाणी टाकीत ओतायचे आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून जिनात जायचे. कमलचा जीव जळायचा. "लोकायले प्याले पानी नाही अन् हे बुढं लाकडाले पाजते," असं ती त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. तिला एकच सुख होतं त्या उन्हाळ्यात. आमच्या दोघांच्या घरांमागे तिनं धोपा, म्हणजे अळू, लावला होता. सगळ्यांची झाडं करपली, पण हिच्या धोप्याची पानं सुपाएवढी. "हाताले गुन असते," ती शेजारणींना सांगायची आणि वड्या वाटायची. नथ्थुजींनाही द्यायची. रागारागानं द्यायची, पण द्यायची.

एकदा मला शाळेच्या कामानं पहिल्या मोटारीनं बाभुळगावला जायचं होतं. पहाटे तोंड धुवायला मागे गेलो. उजाडायला नुकती सुरुवात झाली होती. नथ्थुजींचं मागलं दार उघडं, आणि ते उंबऱ्यावर उकिडवे बसलेले. हातात कंपाउंडरकडून आणलेली रबरी नळी. नळीचं एक टोक आत, टाकीत. दुसरं टोक धोप्याच्या आळ्यात. पाणी अगदी बारीक, आवाज न करता वाहत होतं.

मी आत डोकावलो. टाकी अजून अर्धी भरलेली. काचेमागे पाण्याची रेघ स्वच्छ दिसत होती. खाली भुई कोरडी ठणठणीत. थेंब नाही की ओल नाही.

त्यांनी मला पाहिलं. नळी लपवली नाही.

"कधीपासून धरते पाणी?" मी विचारलं.

"राळ लावली तवापासून."

म्हणजे व्याही येऊन बसले होते तेव्हाही.

"मग हे काय, नथ्थुजी?"

त्यांनी नळीचं टोक आळ्यात जरा आत सरकवलं. मग म्हणाले, "टाकी धरली म्हनून सांगतलं, तं सारे इचारतीन, मंग सुमी काहून नाही येत? काय सांगू मी? आता टाकी गयते म्हनून येत नाही. पोरीचा दोष नाही, तिच्या सासऱ्याचा नाही. माह्या घरात बाई नाही, हाही दोष नाही. टाकीचा हाय." आणि मग, "मले बी बरं वाटते, मास्तर. मी बी तेच समजतो."

नळीतून शेवटचं पाणी गुळगुळ करून आलं. त्यांनी ती गुंडाळली, आत गेले, पुढलं दार सताड उघडलं आणि खोक्याखाली डोकं घालून भुईला गाल लावला. दूधवाला यायची वेळ झाली होती.

मी कमलला काही सांगितलं नाही. काय सांगणार, की तुझ्या हाताला गुण नाही?

त्यानंतर काही दिवसांनी घरमालकीण आली आणि आमच्या दारात बसून चौकशा करू लागली. "नथ्थुजीची पोरगी यंदाही नाही आली म्हनते? त्या टाकीचं काय झालं? एवढं तेल, एवढी राळ, अजून कशी धरत नाही?"

मी काही बोलायच्या आत कमल म्हणाली, "गयते जी अजून. म्या सोता पाह्यलं."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. ती रोज माझ्या आधी उठते, हे माझ्या तोवर ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी विहिरीवर आमची पाळी आली. पहिली बादली वर आली, बरी होती, चिखल कमी. कमलनं ती फडक्यातून गाळली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हे काकाजीच्या टाकीत टाकून या," ती म्हणाली. "सकाळी माह्या धोप्याले लागते."