एकोणीस पोरं आणि एकच पाप

आमच्या बेटावर पोरांना पापकबुलीसाठी तयार करावं तर ते मीच. तीस वर्षांत माझ्या हाताखालचं एकही पोर पाद्रेंच्या कबुलीखोलीतल्या जाळीसमोर अडखळलेलं नाही. एक तर इतकं सफाईदार बोललं, की पाद्रेंनी स्वतःचीच दोन पापं त्याला सांगून टाकली. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

वर्ग भरायचा देवळामागं, नारळीखाली, जेवणानंतरच्या सुस्त वेळेला. ओहोटीचा समुद्र इतका लांब जायचा, की परतीची वाट विसरेल असं वाटायचं. घंटेचा नादसुद्धा अर्ध्या वाटेत हवेवर आडवा होऊन डुलकी काढायचा. दोरीवर मासळीचं जुनं जाळं टांगून मी त्यामागं पाद्रे होऊन बसे, आणि एकोणीस पोरं एकेक करून गुडघे टेकत.

सरावात खरं पाप सांगायचं नाही, असा नियम. ते पाद्रेंच्याच कानात. म्हणून नमुन्याचं एक पाप मी पुरवतो. यंदाचं होतं, ‘मी पाद्रेंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहा सुमान उचलले.’ सुमान म्हणजे नारळाच्या दुधातला चिकट भात, केळीच्या पानात गुंडाळलेला. हे पाप मी हवेतून आणलं नव्हतं. सान हुआनच्या सणाला ते माझ्याच हातून घडलेलं. नुसतं पडून होतं. म्हटलं, पोरांच्या उपयोगी पडेल.

सात वर्षांची क्लारिता मात्र तोंड पाडून बसली.

“लोलो सेबिओ, माझ्याकडे पापच नाही.” सगळी पोरं मला लोलो म्हणतात, म्हणजे आजोबा.

“शोध, सापडेल.”

“काल दिवसभर शोधलं. आईलाही विचारलं. पाद्रे मला परत पाठवतील ना? मग रविवारी पहिला ख्रिस्तप्रसाद नाही. पांढरा झगा शिवून तयार आहे हो.”

मला पेंग येत होती. “वाक्य तेवढं नीट पाठ कर. बाकीचं आपोआप होतं.”

ते एकोणीसही पोरांनी ऐकलं.

शुक्रवारी खऱ्या कबुलीची रांग भराभर सरकली. पोरं आत जात, वाक्य म्हणत आणि हसत बाहेर येत. चौथ्यानंतर आतून खोकला ऐकू आला. नवव्यानंतर पाद्रेंनी पडदा सारून माझ्याकडे पाहिलं. बोलायची सोय नव्हती. कबुलीतलं अक्षर बाहेर काढायचं नसतं, मान गेली तरी.

प्रायश्चित्त सगळ्यांना एकच मिळालं: घेतलं तेवढं परत करा.

शनिवारी सगळ्या बेटावर नारळाचं दूध उकळत होतं. गोड धूर पाण्यावरून असा तरंगत गेला, की परगावच्या होड्या झोपेत चालल्यासारख्या आमच्या किनाऱ्याला लागल्या. पाद्रेंच्या ओसरीवर सुमानचा डोंगर झाला. त्यामागं त्यांची फक्त टोपी दिसत होती.

क्लारिताची आई मेलिंग तिला धरून माझ्याकडे आली. “लोलो, ही त्या खिडकीला पोचते तरी का? कबुलीत खोटं बोलली कार्टी, आणि नारळ गेले माझे.”

मला वाटलं, पोर आता रडणार. तर तिचा चेहरा उजळलेला.

“लोलो, मी पाद्रेंशी खोटं बोलले. आता माझं स्वतःचं पाप आहे.”

ती देवळाकडे पळाली. बातमी लागताच बाकीचे अठराही पळाले.

मेलिंग जागची हलली नाही. “पण मग सुमान घेतले कुणी?”

अशा वेळी उत्तर देण्यापेक्षा रांगेत उभं राहणं बरं. मी टोकाला जाऊन उभा राहिलो, एकोणीस पोरांमागं विसावा. क्लारिता बाहेर आली ती तरंगतच.

“तीन वेळा ‘नमो मारिया’ प्रार्थना म्हणायला सांगितलीय फक्त. उद्या झगा घालायचा.”

माझी पाळी आली. गुडघे कुरकुरले. जाळीपलीकडे ऊन, मेण आणि नारळाचा वास. मी पोरांपेक्षा हळू आवाजात म्हणालो, “पाद्रे, मी आपल्या खिडकीतून सहा सुमान उचलले.”



“ताटात अकरा होते, सेबिओ.”

“पाच वाऱ्यानं नेले असतील.”

“त्या दिवशी वारा पडलेला होता.”

खरंच, पानही हलत नव्हतं. मी तिथंच खायला बसलो होतो, म्हणून हे मला पक्कं आठवतं.