जांभळाच्या कुळातला पाहुणा

बाबांनी चाळीस वर्षं वाळवून कागदावर चिकटवलेल्या फांद्यांचे गठ्ठे वनस्पती संग्रहालयाच्या टेबलावर उतरले आणि तपासनीस बाई चौथ्याच कागदावर अडकल्या. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. मुलगी पावतीची वाट बघत होती, आई पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"अहो, हे बघा तरी!" बाईंनी भिंग धरलं. "पानं समोरासमोर, वर तेलाचे ठिपके. म्हणजे जांभूळ-पेरूचंच कुळ. मग फुलात पुंकेसरांचा झुपका नको? इथे पाच पाकळ्या, त्याही खाली जुळलेल्या!"

शेजारच्या खोलीतले दोघे धावत आले. पाठोपाठ संचालक.

"हे झाड कुठल्याच पुस्तकात नाही," ते म्हणाले. "नाव सरांचंच द्यायचं!"

मुलगी हरखली. तिने आईकडे पाहिलं. आई पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती.

"काय झालं गं?"

"ते फूल आपल्या कुंपणावरच्या तगरीचं आहे," आई कुजबुजली. "धूळ झटकताना खरं गळलं. तुझे बाबा ओरडतील म्हणून मी हे चिकटवलं. वीस वर्षं झाली. त्यांना पत्ताच नव्हता."

"बाबांना तगर कळली नाही?"

"मला तरी काही बोलले नाहीत."

तोवर शेगडीवर पाणी ठेवलं गेलं होतं. फूल उकळत्या पाण्यात मऊ करून उघडायचं होतं.

"डिंक सुटणार," आईचा चेहरा उतरला. "सगळे म्हणतील, एवढा मोठा माणूस आणि तगरीला फसला. माझ्यामुळे त्यांचं हसं व्हायला नको." ती ताडकन उठली. "थांबा! ते फूल मी..."

पण तपासनीस बाई आधीच थांबल्या होत्या. गळालेले तुकडे ठेवायची छोटी पुडी कागदाच्या कोपऱ्यात होती, ती त्यांनी नुकतीच उघडली होती. आत पुंकेसरांचा सुकलेला झुपका आणि एक चिठ्ठी. त्यांनी ती वाचली आणि मुलीच्या हातात दिली. अक्षर बाबांचं होतं.

'खरं फूल हे. वरचं तगरीचं, सौ.नी चिकटवलेलं. बेमालूम बसलंय. काढू नये.'

आईने चिठ्ठी दोनदा वाचली.

"लबाड माणूस! वीस वर्षं मी त्या कपाटाजवळून चोरासारखी जात होते!"

ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. संचालकांनी शेगडी बंद केली.

"काकू, नियमाने हे फूल काढावं लागेल," बाई चाचरत म्हणाल्या.

"काढू नये म्हणून लिहिलंय ना?"

बाईंनी संचालकांकडे पाहिलं. संचालक खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी फूल तसंच ठेवून नोंदवही उघडली गेली. संग्राहकाच्या रकान्यात बाबांचं नाव लागलं, खाली आईचं लिहायला पेन टेकलं.

"खाली का?" आई म्हणाली. "फूल माझं आहे."