रडण्याची तालीम

लिफ्टवाल्यांनी एका संध्याकाळी ठरवलं, की आपण घरात पडायचं आणि रडायचं. (ज्या माणसानं सगळी नोकरी उंच इमारतींच्या पोटात, लिफ्टच्या दोरांशेजारी लोंबकळत, लिफ्ट दुरुस्त करण्यात काढली आणि एकदाही पाय घसरू दिला नाही, त्यानं असलं काही ठरवावं म्हणजे कमालच.) पण कारणही तसंच होतं. ते साडेचार वर्षांचं होतं आणि जेवणाच्या टेबलाखाली स्वतःचं बोट धरून बसलं होतं.

ही त्यांची मुलगी. दूरच्या देशातल्या एका अनाथालयातून तिला घरी आणून तीन महिने झाले होते. समोर दिसेल ते बटण दाबायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं बटणबाई. परदेशातून दत्तक आलेल्या मुलांसाठी शहरात एक खास दवाखाना होता. तिथं तिचं रक्त, दात, कान, डोळे सगळं तपासून झालं, राहिलेल्या लशी टोचून झाल्या. वजन वाढत होतं, झोप लागत होती. नवी भाषा तर ती अशी उचलत होती, की लिफ्टवाले चारचौघांत छाती फुगवून सांगायचे. फक्त एक होतं. बटणबाई रडायची नाही. सुई टोचली, गुडघा फुटला, आणि त्या दिवशी तर कपाटाच्या दारात बोट चेमटलं. चेहरा पांढराफटक पडला, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. कोपरा गाठायचा आणि आपलं दुखणं आपणच धरून बसायचं.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं. "मुलं खंडीभर आणि सांभाळणाऱ्या बायका दोनच, अशा ठिकाणी रडून कुणी येत नाही. मग मूल रडणं सोडून देतं. हट्टी नाही हो ती, शहाणी आहे. पण आता तिला कळू दे, की या घरात हाक मारली की माणूस येतं. तुम्हाला कधी लागलं-खुपलं तर लपवू नका. तिच्यासमोर म्हणा, दुखलं. दुसरं कुणीतरी धावत येतं, हे तिला दिसू दे."

एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तालमी घ्या असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण लिफ्टवाल्यांची बायको शाळेत मुलांची नाटकं बसवायची. नवऱ्याचा बेत ऐकल्याबरोबर तिनं तो ताब्यात घेतला.

पहिला प्रयोग त्याच संध्याकाळी झाला. लिफ्टवाले स्टुलावर चढले, खाली उशी आहे ना हे वाकून पाहिलं आणि बेतानं तिच्यावर बसले. "आई गं, लागलं," असं त्यांनी जाहीर केलं. बायको धावत आली, पाठीवरून हात फिरवला, फुंकर घातली, जवळ घेतलं. बटणबाईनं सगळं टक लावून पाहिलं. मग ती उठली, उशी झटकली आणि सोफ्यावर जागच्या जागी नेऊन ठेवली.

नंतर स्वयंपाकघरात दबक्या आवाजात सूचना मिळाल्या.

"पडायच्या आधी उशीकडे कोण बघतं?"

"अगं, सवय आहे. खाली काय आहे ते बघितल्याशिवाय मी पाय टाकत नाही."

"आणि ते रडणं होतं की लिफ्ट अडकल्याची घंटा?"

"मला नाही जमत. मी कधी रडलोच नाही."

"मग बापलेक एकाच वर्गात बसा," बायको म्हणाली.

आठवडाभर लिफ्टवाले इमानेइतबारे पडत राहिले. स्टुलावरून, पलंगावरून, एकदा नुसतेच उभ्या उभ्या. खालच्या मजल्यावरचे आजोबा दोनदा विचारून गेले, सगळं ठीक आहे ना. बटणबाईला तर एव्हाना सवय झाली होती. बाबा स्टुलाकडे निघाले, की ती आपली खेळणी उचलून बाजूला व्हायची.

शनिवारी मात्र प्रयोग नव्हता. बैठकीतला बल्ब गेला होता, तो बदलायला लिफ्टवाले स्टुलावर चढले. (कामावर एकेक खिळा दहादा तपासणारा माणूस, पण घरातल्या स्टुलाकडे कोण बघतं? आठवडाभराच्या तालमींनी स्टुलाचा एक पाय खिळखिळा झाला होता.) स्टूल एकीकडे, बल्ब दुसरीकडे आणि लिफ्टवाले जमिनीवर. घोट्यात काहीतरी कट्कन वाजलं आणि त्यांनी अशी बोंब ठोकली, की भिंती हादरल्या.

बायको हात पुसत दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तिच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं.

"अहो, काय सुधारणा आहे!" ती कुजबुजली. "फक्त आवाज थोडा खाली घ्या."

"अगं, मोडला! घोटा मोडला!"

"वाक्यं नका घालू. नुसतं विव्हळा."

"नाटक नाहीये हे!"

"तेच म्हणतेय मी. आज अजिबात नाटक वाटत नाहीये," असं म्हणत तिनं बसकण मारली आणि मोठ्या मायेनं त्यांच्या धडधाकट पायावर फुंकर घातली.

बटणबाई टेबलाखालून बाहेर आली. तिनं बाबांचा चेहरा पाहिला, टम्म फुगत चाललेला घोटा पाहिला, मग भलत्याच पायावर फुंकर घालणाऱ्या आईकडे पाहिलं. खरं दुखतं तेव्हा माणूस कसा दिसतो, हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा खालचा ओठ थरथरला आणि तिनं गळा काढला.

"आई! बाबा खरं! खरं दुखलं!"

"रडली!" बायको ताडकन उठली. "अहो, ऐकलंत का, रडली!" लेकीला उचलून ती खोलीभर नाचली आणि स्वतःही रडायला लागली. जमिनीवरून लिफ्टवाले कळ सोसत "रडली, रडली" म्हणत होते, त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती. (घोट्यामुळे की आनंदामुळे, हे त्यांना अजूनही सांगता येत नाही.) बायकोनं डॉक्टरबाईंना फोन लावला आणि तो मुलीच्या तोंडाशी धरला.

"वा, खणखणीत आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मागून कोण ओरडतंय?"

तेवढ्यात बटणबाई आईच्या कडेवरून घसरून उतरली, आईचा हात ओढत तिला बाबांकडे घेऊन गेली आणि तो हात बरोबर सुजलेल्या घोट्यावर नेऊन ठेवला. तेव्हा कुठं बायकोचा चेहरा उतरला.

पायाला प्लास्टर बसलं. लिफ्टवाले दीड फुटावरून पडले, या बातमीनं कामावर सगळ्यांची करमणूक झाली. लिफ्टवाल्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. एवढ्याशा जिवानं आजवर सगळं एकटीनं गिळलं, आणि पहिल्यांदा रडली ती आपल्यासाठी, या विचारानं त्यांचा ऊर भरून यायचा. बायकोजवळ ते म्हणायचे, अशी धीराची पोर मी पाहिली नाही.

"दुसऱ्यासाठी रडली, मोठीच गोष्ट आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता स्वतःसाठी रडली की मी निश्चिंत."

तेही झालं. एका दुपारी धावता धावता बटणबाई बाबांच्या कुबडीला अडखळून पडली. गुडघा सोलवटला. तिनं सवयीनं कोपऱ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. लिफ्टवाले सगळ्या सूचना विसरले. त्यांनी नुसते दोन्ही हात पसरले. ती लंगडत आली, मांडीवर चढली, त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. लिफ्टवाल्यांना राहवेना. तेही हुंदके देत, लेकीपेक्षा चढ्या आवाजात रडू लागले.

बटणबाई थांबली. ओलं तोंड वर करून तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"बाबा, गप. मी पडले."

आणि जिथं सोडलं होतं, तिथून तिनं पुढं रडायला सुरुवात केली.